फळ्यापासून पडद्यापर्यंत : सौसर-पांढुर्ण्याचा मराठी विद्यार्थी आणि त्याचे विद्यापीठ

सौसर हे नाव भूविज्ञानाच्या अभ्यासकाला नवे नाही. नागपूर, भंडारा, छिंदवाडा आणि बालाघाट या पट्ट्यात मँगनीज पोटात बाळगणारे जे अतिप्राचीन खडक आहेत, त्यांना भूवैज्ञानिकांनी 'सौसर श्रेणी' असे नाव दिले. लुईस ली फर्मोर यांनी १९०९ मध्ये भारतातील मँगनीज साठ्यांवर प्रचंड ग्रंथ लिहिला. छिंदवाडा जिल्ह्यातील सीतापार या गावावरून त्यांनी एका खनिजाला 'सीतापाराइट' असे नावही दिले होते. पुढे विल्यम डिक्सन वेस्ट यांनी या खडकांचा कसून अभ्यास केला, आणि निवृत्तीनंतर सागर विद्यापीठात भूविज्ञानाचे अध्यापन केले. आज देशातल्या कोणत्याही विद्यापीठात भारताच्या प्राचीन खडकांचा धडा निघाला, की फळ्यावर वा पडद्यावर सौसरचे नाव उमटतेच.

सौसरचा दगड असा विद्यापीठात पोहोचला. सौसरची भाषा कितपत पोहोचली, हा या लेखाचा प्रश्न आहे.

वर्गातील साधनांचा इतिहास सांगताना आपण सहसा साधनांचाच इतिहास सांगतो : आधी फळा आणि खडू, मग छापील पुस्तक, मग आकाशवाणी, दूरचित्रवाणी, संगणक आणि आता हातातला मोबाइल. परंतु सीमेवरच्या माणसाने हा इतिहास निराळ्या अंगाने वाचला पाहिजे. प्रत्येक साधन आपल्या दारी आले, तेव्हा त्यात कोणती भाषा भरायची याचा निर्णय कोठे झाला होता? तो कोणी केला होता? हे विचारत गेलो की एक विलक्षण गोष्ट ध्यानात येते. साधने तुटपुंजी होती त्या काळी या भूमीत दोन भाषांच्या विद्यापीठाचे धोरण होते. आज साधने उदंड आहेत, आणि ते धोरण मात्र विस्मरणात गेले आहे.

झेरघाट आणि नागपूर

छिंदवाडा जिल्ह्याचे जुने दोन भाग वाचकांना ठाऊक असतील : सातपुड्याच्या माथ्यावरचा बालाघाट आणि घाटाखालचा झेरघाट. सौसर व पांढुर्णा हा झेरघाट. कपाशीची काळी जमीन, संत्र्याच्या बागा, कन्हान आणि जाम या नद्या, आणि घराघरांत नागपुरी-वऱ्हाडी वळणाची मराठी. देवगडच्या गोंड राजांनंतर हा मुलूख नागपूरकर भोसल्यांकडे आला. भोसल्यांचे राज्य खालसा झाल्यावर १८६१ मध्ये मध्य प्रांत निर्माण झाला आणि त्याची राजधानी नागपूरच राहिली. त्यामुळे झेरघाटाची बाजारपेठ, कचेरी, दवाखाना आणि पुढे रेल्वे, सगळ्यांचे तोंड दक्षिणेकडे. शिक्षणाचेही तसेच झाले.

४ ऑगस्ट १९२३ रोजी नागपूर विद्यापीठ स्थापन झाले. सर बिपिनकृष्ण बोस हे पहिले कुलगुरू. आरंभी सहा महाविद्यालये आणि ९२७ विद्यार्थी एवढाच त्याचा पसारा होता. अधिकारक्षेत्र मात्र सबंध प्रांतभर, म्हणजे मराठी आणि हिंदी दोन्ही भाषकांचे. शिकवण्याची भाषा अर्थातच इंग्रजी. फळ्यावर खडूने लिहिले जाई ते इंग्रजी, उत्तरपत्रिका इंग्रजी, प्रयोगशाळेतील बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या इंग्रजी. कामठीचे खाणमालक रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण यांच्या देणगीतून १९४२ मध्ये तंत्रशिक्षणाची संस्था उभी राहिली. तेथील यंत्रेही इंग्रजीतच बोलत. एका अर्थाने त्या काळी मराठी आणि हिंदी विद्यार्थी समान पातळीवर होते, कारण दोघांचीही भाषा वर्गाच्या दाराबाहेर चपलांशेजारी ठेवलेली असे.

परिभाषा हेही यंत्रच

ही स्थिती बदलू लागली ती १९४०च्या दशकाच्या उत्तरार्धात. अध्यापनाचे आणि परीक्षेचे माध्यम म्हणून मराठी व हिंदी या दोन्ही भाषांचा स्वीकार करण्याचे पाऊल नागपूर विद्यापीठाने उचलले. देशी भाषांना उच्च शिक्षणात स्थान देणाऱ्या देशातील पहिल्या काही विद्यापीठांत त्याची गणना होते. एक विद्यापीठ, दोन माध्यमे. आज ऐकताना स्वप्नवत वाटणारी ही व्यवस्था आपल्याच राजधानीत होती.

धोरण ठरले, पण साधन कोठे होते? वर्गात मराठीतून रसायनशास्त्र शिकवायचे तर शब्द हवेत, शब्द छापायला खिळे हवेत, पुस्तके हवीत. त्या काळचे खरे तंत्रज्ञान म्हणजे परिभाषा. मध्य प्रांत सरकारच्या प्रोत्साहनाने डॉ. रघुवीर हे काम करू लागले. लाहोरची त्यांची संस्था फाळणीपूर्वीच नागपुरास आली आणि १९५६ पर्यंत येथेच होती. संस्कृत धातू, उपसर्ग आणि प्रत्यय यांच्या जोडणीतून त्यांनी हजारो शब्द घडवले. ऑक्सिजनला जारक, हायड्रोजनला उदजन, नायट्रोजनला भूयाति, कार्बनला प्रांगार.

या शब्दांची पुढे पुष्कळ थट्टा झाली. मराठीने 'प्राणवायू' आणि 'नत्रवायू' जवळ केले आणि 'जारक' कोशातच राहिला. शब्दांची कृत्रिमता मान्य करावीच लागेल; बोलणाऱ्याच्या जिभेवर न रुळणारा शब्द शास्त्रालाही उपयोगी पडत नाही. तरी त्या प्रयत्नामागची एक दृष्टी थट्टेत हरवू नये. संस्कृतवर आधारलेली परिभाषा मराठी आणि हिंदी दोघींना समाईक ठरावी, म्हणजे एकाच वर्गातील दोन भाषांचे विद्यार्थी एकमेकांचे पुस्तक वाचू शकतील, असा त्यात हेतू होता. द्विभाषिक प्रांताच्या गरजेतून निघालेले ते साधन होते. १९५०च्या राजभाषा कायद्याने तेव्हाच्या मध्य प्रदेशात हिंदी आणि मराठी या दोन्ही भाषांना राजभाषेचे स्थान दिले, तेही याच विचारातून.

मधल्या काळात, १९४६ मध्ये, डॉ. हरिसिंग गौर यांनी सागर येथे विद्यापीठ काढले. आयुष्यभराची कमाई त्यांनी त्यात ओतली. हे गौर त्याआधी नागपूर विद्यापीठाचेही कुलगुरू होते. महाकोशलच्या उच्च शिक्षणाला त्यामुळे स्वतःचे केंद्र मिळाले. पण राज्य एकच होते आणि राजधानी नागपूरच होती, तोवर झेरघाटाच्या मुलाला नागपूर परके झाले नव्हते.

सीमेची रेघ आणि 'शिक्षा'

१ नोव्हेंबर १९५६ या दिवशी ती रेघ पडली. विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले. छिंदवाडा महाकोशलात मोजला जात असल्याने नव्या मध्य प्रदेशात राहिला, आणि त्याच्याबरोबर सौसर-पांढुर्णाही. राज्य पुनर्रचनेने जिल्हा हा घटक धरला. खेडे हा घटक, भौगोलिक सलगता, भाषिक बहुसंख्या आणि लोकेच्छा या ज्या तत्त्वांचा आग्रह आपण बेळगाव-निपाणीपासून धरत आलो, त्यांची कसोटी झेरघाटाला कधी लागलीच नाही. नव्या राज्याने १९५७च्या कायद्याने हिंदी ही राजभाषा ठरवली. सात वर्षांपूर्वीच्या कायद्यातील जोडनाव तेथे उरले नाही.

याचा वर्गावर काय परिणाम झाला, हे एका शब्दावरून समजते. मराठीत 'शिक्षा' म्हणजे दंड; हिंदीत 'शिक्षा' म्हणजे शिक्षण. घरी मराठी बोलणारे मूल शाळेच्या दारावरच्या पाटीत हा शब्द प्रथम वाचते, तेव्हा त्याला काय वाटत असेल? घरातला 'फळा' शाळेत 'श्यामपट' होतो, 'वही' 'कॉपी' होते, 'दप्तर' 'बस्ता' होते. लिपी तीच असल्यामुळे बाहेरच्या माणसाला हे स्थलांतर दिसत नाही. कानडी, तेलुगू वा गुजराती सीमेवर लिपी बदलते आणि भाषेचा प्रश्न डोळ्यांना दिसतो. येथे देवनागरीच्या एकाच पांघरुणाखाली एक भाषा दुसरीत हळूहळू विरघळते. आपल्या भागाचे दुखणे बेळगावइतके गाजले नाही, याचे एक कारण हेही आहे.

ग्रंथांचेही असेच वाटप झाले. विद्यापीठीय पुस्तके भारतीय भाषांत निघावीत म्हणून केंद्राने १९६०च्या दशकाअखेरीस राज्यांना साहाय्य दिले. त्यातून भोपाळला हिंदी ग्रंथ अकादमी उभी राहिली आणि नागपूरला महाराष्ट्र विद्यापीठ ग्रंथनिर्मिती मंडळ. दोन्हींची कामगिरी मोलाची. पण राज्यागणिक दिलेला पैसा राज्याच्या भाषेतच खर्च होणार, हे उघड होते. नागपूरला मराठीत छापलेले पुस्तक सौसरपासून दीड-दोन तासांच्या वाटेवर होते, तरी सौसरच्या अभ्यासक्रमात ते परराज्यातले होते.

राज्यघटनेने भाषिक अल्पसंख्याकांची आठवण ठेवली होती. त्याच १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३५०-अ आला. मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाची सोय करण्याची जबाबदारी त्याने राज्यांवर टाकली. अनुच्छेद ३५०-ब ने भाषिक अल्पसंख्याकांसाठी विशेष अधिकारी नेमला. परंतु हे संरक्षण प्राथमिक टप्प्यापुरते. विद्यापीठाच्या पायरीवर ते संपते, आणि नेमकी तेथेच नवी साधने येऊ लागली होती.

आकाशातून आलेला वर्ग

१ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ असे वर्षभर उपग्रहाद्वारे दूरचित्रवाणी शिक्षणाचा प्रयोग देशात झाला. सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांत संच बसवले गेले. मध्य प्रदेश त्यात होता; महाराष्ट्र नव्हता. कार्यक्रम हिंदी, कन्नड, तेलुगू आणि उडिया या भाषांत झाले. राज्यांची निवड झाली आणि भाषा राज्यांवरून ठरल्या. मराठीचे राज्य यादीत नसल्याने मराठी आकाशात चढलीच नाही. यात कोणाचा आकस नव्हता. यादी करताना राज्य मोजले गेले आणि माणूस मोजायचा राहिला, एवढेच.

१५ ऑगस्ट १९८४ रोजी विद्यापीठ अनुदान आयोगाचा 'कंट्रीवाइड क्लासरूम' दूरदर्शनवर सुरू झाला. छोट्या गावातील महाविद्यालयीन मुलाला मोठ्या विद्यापीठाचा प्राध्यापक घरबसल्या दिसावा, ही कल्पना थोर होती. पण हा वर्ग भरत असे इंग्रजीत. म्हणजे साठ वर्षांनी पुन्हा १९२३चा फळा आला, फक्त तो काचेचा होता.

महाराष्ट्राने १९८९ मध्ये नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ काढले आणि घरी बसून मराठीतून पदवीपर्यंत शिकण्याची वाट मोकळी केली. दूरशिक्षण हे सीमेवरच्या माणसासाठीच जणू जन्मलेले साधन. तेही राज्याच्या वेशीपाशी थबकले, कारण विद्यापीठाचे कार्यक्षेत्र कायद्याने राज्यापुरते असते.

एक लिपी, दोन कुलुपे

संगणक आला तेव्हा वाटले, आता तरी अंतर मिटेल. झाले उलटे. युनिकोडपूर्व काळात देवनागरी टंक म्हणजे इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेली देवनागरीची चित्रे. मध्य प्रदेशात 'कृतिदेव' सर्वत्र चालला. महाराष्ट्रात 'श्रीलिपी', 'आकृती' आणि सी-डॅकचे टंक. कृतिदेवमध्ये 'मराठी' हा शब्द लिहिला, तर संगणकाच्या पोटात साठत असत ती ई, जे, के, बी, एच ही पाच रोमन अक्षरे. सौसरला टंकलेली प्रश्नपत्रिका नागपूरच्या यंत्रावर उघडली की रोमन अक्षरांची निरर्थक माळ समोर येई. नागपूरच्या प्राध्यापकाच्या मराठी टिपणांची सौसरला तीच गत. पूर्वी मोडी वाचणारा नागपूरकडचे कागद सहज वाचत असे. यंत्रयुगात एकाच लिपीला दोन राज्यांनी दोन कुलुपे लावली.

शिवाय हिंदीच्या गरजेने आखलेल्या साधनात मराठीची अक्षरे पाहुणी ठरतात. हिंदीच्या नित्य वर्णमालेत 'ळ' नाही. आणि 'ळ' वाचून 'फळा' हा शब्दसुद्धा लिहिता येत नाही. आपल्या शेतातली 'पऱ्हाटी', आपली 'वऱ्हाडी' बोली, आपली 'कुऱ्हाड' यांतला अर्धा 'र' हिंदीला लागत नाही. अक्षर उमटले नाही की लिहिणारा जवळचा पर्याय घेतो, पर्यायाची सवय होते, आणि मग तेच शुद्ध वाटू लागते. भाषा मरते ती बंदीने क्वचितच. अशा गैरसोयींनी ती झिजत जाते.

ही कुलुपे उघडली ती प्रमाणीकरणाने. भारतीय लिप्यांसाठी 'इस्की' हे प्रमाण आले, १९९१ मध्ये युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरीला जागा मिळाली, आणि कालांतराने संगणक व मोबाइल या दोहोंवर ते रुळले. 'ळ' आणि 'ऱ्' यांना त्यात हक्काचे स्थान आहे. आज पांढुर्ण्यात लिहिलेले मराठी वाक्य नागपूर, निपाणी आणि न्यूयॉर्कमध्ये अक्षरशः तसेच दिसते. १९५६ नंतर प्रथमच सीमेच्या दोन्ही बाजूंची मराठी एका कागदावर आली आहे.

साधन आहे, धोरण कोठे?

आजची सामग्री मोजून पाहू. बालभारतीची पुस्तके ई-रूपात मोफत मिळतात. मराठी विश्वकोश संकेतस्थळावर खुला आहे. मुंबईच्या आयआयटीच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पात संगणकाचे धडे मराठी आवाजात ऐकता येतात. 'स्वयम्'वर देशभरचे अभ्यासक्रम आहेत. केंद्राचे 'भाषिणी' आणि तंत्रशिक्षण परिषदेचे 'अनुवादिनी' हे उपक्रम यांत्रिक भाषांतराचे काम करतात. २०२१ मध्ये तंत्रशिक्षण परिषदेने अभियांत्रिकीचे शिक्षण ज्या आठ भारतीय भाषांतून देण्यास मान्यता दिली, त्यांत मराठी आहे. १६ ऑक्टोबर २०२२ रोजी भोपाळला वैद्यकीय पदवीची हिंदी पुस्तके प्रसिद्ध झाली, आणि मातृभाषेतून शास्त्र शिकवता येते हे तत्त्व खुद्द मध्य प्रदेश शासनाने स्वीकारले. आपण त्या निर्णयाचे स्वागतच केले पाहिजे. कारण जे तत्त्व हिंदीला लागू, ते मराठीला लागू नाही असे तर्काने कोणालाच म्हणता येणार नाही.

दरम्यान राजकीय नकाशाही बदलला आहे. २०१९ मध्ये छिंदवाड्याला विद्यापीठ आले. आता ते राजा शंकर शाह यांच्या नावाने ओळखले जाते. छिंदवाडा, बैतूल, सिवनी आणि बालाघाट हे त्याचे क्षेत्र. यांपैकी प्रत्येक जिल्ह्याची दक्षिण कड महाराष्ट्राला लागून आहे. २०२३ मध्ये पांढुर्णा हा सौसरसह स्वतंत्र जिल्हा झाला. ज्या 'जिल्हा' या घटकाने १९५६ मध्ये आपल्याला गिळले, तोच घटक आता आपल्या नावाचा आहे. आणि वरुडच्या वाटेने पलीकडे गेले की अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर, जेथे मराठी भाषा विद्यापीठ सुरू झाले आहे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्राने मराठीला अभिजात भाषेचा दर्जाही दिला.

तेव्हा मागणी कोणती करायची? नवी इमारत नको, नवा आयोग नको. पहिली गोष्ट, पांढुर्णा जिल्ह्यातील महाविद्यालयांच्या स्मार्ट वर्गांत आणि ग्रंथालयांत मराठीतील उपलब्ध सामग्री अधिकृतपणे दाखल करावी. दुसरी, छिंदवाड्याचे विद्यापीठ, नागपूरचे राष्ट्रसंत तुकडोजी महाराज विद्यापीठ आणि रिद्धपूरचे विद्यापीठ यांनी सामंजस्य करार करून मराठीचे ऑनलाइन अभ्यासक्रम आणि त्यांचे श्रेयांक परस्पर मान्य करावेत; नव्या शैक्षणिक धोरणात श्रेयांक हस्तांतराची तरतूद आहेच. तिसरी, पाठ्यपुस्तकांच्या यांत्रिक भाषांतरात मराठी हा पर्याय सीमेवरच्या जिल्ह्यांत आपोआप दिसावा. चौथी गोष्ट आपण स्वतः करायची : आजी-आजोबांची झेरघाटी बोली मोबाइलवर ध्वनिमुद्रित करावी, गाव आणि वर्ष नोंदवून जपावी. यंत्राला आपण आपला उच्चार दिला नाही, तर उद्या ते यंत्र आपल्याशी परक्या उच्चारात बोलेल आणि आपली नातवंडे तोच खरा मानतील.

यातली कोणतीही मागणी हिंदीच्या विरोधात नाही. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी मराठी आणि हिंदी दोन्ही भाषांत भजने रचली, आणि दोन्ही भाषांच्या गावांनी ती म्हटली. त्यांचे नाव धारण करणारे विद्यापीठ एकेकाळी खरोखरच दोन भाषांत परीक्षा घेत होते, याहून मोठा पूर्वाधार कोणता हवा?

शेवटी एक छोटी नोंद. मराठीत विद्यापीठाच्या प्रमुखाला 'कुलगुरू' म्हणतात. मध्य प्रदेशात त्यालाच 'कुलपति' म्हणत, आणि मराठीतला 'कुलपती' त्याच्याहून वरचा. त्यामुळे सीमेवर पत्रव्यवहार करताना गोंधळ ठरलेला. २०२४ मध्ये मध्य प्रदेश शासनाने 'कुलपति' बदलून 'कुलगुरु' हे पदनाम स्वीकारले. सौसरपासून नागपूरपर्यंत आता एकच शब्द आहे. पदाचे नाव जुळले. पुस्तकाचे आणि पडद्याचे जुळवणे बाकी आहे. ते निवेदन घेऊन जाताना अर्जावरचा पहिला शब्द तरी दोन्ही कचेऱ्यांत सारखाच वाचला जाईल.